दगड, बर्फ आणि मासा

१८३३ सालच्या सप्टेंबर महिन्यात एक अमेरिकन गलबत कलकत्त्याला येऊन लागले. ‘टस्कनी’ हे त्याचे नाव. १२ मे रोजी ते बोस्टनहून निघाले होते. चार महिने समुद्रावर काढून, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडून ते हुगळीत शिरले होते. एवढ्या लांबून त्याने आणले होते तरी काय? कापड नव्हे, दारू नव्हे, तोफा-बंदुका तर नव्हेतच. त्याच्या पोटात भरला होता बर्फ! बोस्टनजवळच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला आणि कापून काढलेला, चौकोनी लाद्यांचा स्वच्छ बर्फ. निघताना तो १८० टन होता. पोहोचला तेव्हा शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. कलकत्त्याच्या उकाड्यात तडफडणाऱ्या साहेबलोकांना आकाश ठेंगणे झाले. गव्हर्नर जनरल बेंटिंकसाहेबांनी बर्फ घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला चषक भेट दिला.

लवकरच मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. कोटात सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी त्याच्यासाठी एक वाटोळी, घुमटाची इमारत उभी राहिली. लोक तिला ‘आइस हाउस’ म्हणत. १८३४ साली जमशेटजी जीजीभाईंनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले आणि यजमानासकट सारी मंडळी सर्दीने हैराण झाली, असा एक किस्सा जुन्या मुंबईच्या हकिकतींत सांगतात. आज सरबताच्या पेल्यात बर्फाचे खडे टाकताना कुणाच्या मनात काही येत नाही. पण एके काळी मुंबईच्या पेल्यातला तो खडा निम्मे जग हिंडून येत असे.

ज्या मुलखाने आम्हांला थंडी विकली, त्याच्यापाशी विकायला दुसरे काही नव्हते की काय? खरे सांगायचे तर, जवळजवळ नव्हतेच. म्हणूनच त्या मुलखाची कथा सांगण्यासारखी आहे.

हा मुलूख म्हणजे मॅसॅच्युसेट्स. नाव उच्चारायला जड, पण राज्य चिमुकले. अमेरिकेच्या ५० राज्यांत क्षेत्रफळाने त्याचा क्रमांक ४४ वा. खाड्या-तळ्यांचे पाणी धरूनही त्याचा विस्तार सुमारे २७,३०० चौरस किलोमीटर भरतो; म्हणजे आपल्या कोकण विभागाहूनही कमी. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीचे. पुढे त्या लोकांच्या हाती आपले नाव सोडून फारसे काही राहिले नाही, ही गोष्ट या कथेच्या आरंभीच नोंदवून ठेवलेली बरी.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ गलबतातून धर्मनिष्ठ इंग्रजांची एक टोळी प्लिमथला उतरली. पहिल्याच हिवाळ्यात तिच्यातली सुमारे निम्मी माणसे दगावली. जी वाचली, ती मूळ रहिवाशांनी मका पेरायला शिकवले म्हणून. पण ती जमीनही मोठी कृपण. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या त्या प्रदेशावरून सरकत गेल्या आणि जाताना मागे दगडगोट्यांचा नुसता सडा टाकून गेल्या. शेतकऱ्याने सारे दगड वेचून बांधावर रचावेत, तर थंडीत जमीन गोठून फुगे आणि वसंतात खालून नवे दगड वर येत. दरवर्षी न पेरता येणारे एवढेच काय ते पीक! गावोगावचे दगडी बांध त्या कष्टांची साक्ष देत आजही रानात उभे आहेत. सोने नाही, कोळसा नावापुरता, लोखंड दलदलीतून खरवडून काढावे एवढेच. ‘दगड आणि बर्फ याखेरीज तिथे पिकते काय?’ अशी त्या भागाची टवाळीच होत असे.

पण जमिनीने हात आखडला, तरी समुद्राने ओंजळ भरून दिली. १६०२ साली बार्थॉलोम्यू गॉस्नोल्ड नावाचा इंग्रज दर्यावर्दी त्या किनाऱ्यावर आला. त्याच्या गलबताभोवती कॉड माशांची एवढी गर्दी झाली, की समोरच्या भूशिराला त्याने ‘केप कॉड’ असेच नाव देऊन टाकले. कॉड हा थंड पाण्यातला मोठा, पांढऱ्या मांसाचा मासा. त्याच्यात चरबी थोडी, त्यामुळे मीठ लावून लाकडी माच्यांवर वाळवला की तो महिनोन् महिने टिकतो. वसाहतवाल्यांनी तो पकडला, चिरला, खारवला, वाळवला आणि जगाला विकला. बोस्टनच्या विधानगृहात छताखाली सुमारे पाच फूट लांबीचा एक लाकडी कॉड टांगलेला आहे. १७८४ साली जॉन रो या व्यापाऱ्याच्या सूचनेवरून तो लावण्यात आला. ज्याच्या जिवावर आपण जगलो त्याची आठवण राहावी, हा हेतू. १९३३ साली काही वात्रट विद्यार्थ्यांनी तो पळवला, तेव्हा पोलिसांची धावपळ उडाली. दोन दिवसांनी मासा सुखरूप परत आला!

आता या माशाचा बाजार कसा चाले ते पाहा. वाळवलेल्या मालाची प्रतवारी करीत. उत्तम माल स्पेन-पोर्तुगालला जाई. उपासाला मासा म्हटले, तर आपल्याकडची वडील मंडळी कानांवर हात ठेवतील. पण कॅथलिक देशांत उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो. तेव्हा तिकडे मागणी भरपूर. पण तुटका, जास्त खारवलेला, वास मारू लागलेला माल कुठे जाई? तो जाई वेस्ट इंडीजच्या बेटांवर. तिथे उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले लक्षावधी गुलाम राबत होते. मळेवाल्यांना त्यांच्यासाठी स्वस्तात स्वस्त अन्न हवे होते. मासा देऊन गलबते परतताना उसाची काकवी आणीत. त्या काकवीची रम होई. आणि त्या रमचा काही भाग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुन्हा माणसे विकत घेण्यासाठी जाई. हे चक्र पिढ्यान् पिढ्या फिरत राहिले. पेढीवरच्या वहीत मासा, काकवी, रम अशा सभ्य नोंदी होत्या. त्या नोंदींच्या पाठीमागे माणसे होती.

याच समुद्रातून आणखी एक पीक निघाले. न्यू बेडफर्ड बंदरातून देवमाशाच्या शिकारीला जहाजे निघत. तीन-तीन, चार-चार वर्षे ती साऱ्या महासागरांवर फिरत आणि पिंपेच्या पिंपे तेल भरून परत येत. त्या तेलावर घरोघरचे दिवे जळत आणि यंत्रांची चाके फिरत. १८५७ साली त्या एका बंदराची ३२९ जहाजे या धंद्यात होती. ‘मोबी डिक’ लिहिणारा हर्मन मेल्व्हिल १८४१ साली याच बंदरातून एका शिकारी जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. पण १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात खनिज तेलाची विहीर लागली आणि या धंद्याला उतरती कळा लागली. देवमासे त्याआधीच दुर्मिळ होत चालले होते. त्यांना शोधत जहाजांना थेट उत्तरेच्या बर्फात शिरावे लागे. १८७१ साली अशी ३३ जहाजे त्या बर्फात अडकून गमवावी लागली. माणसे वाचली, एवढेच नशीब.

आता बर्फाकडे येऊ. ज्या बर्फाने हिवाळ्यात शेती बंद पडे आणि माणसे घरात कोंडली जात, तोच विकून पैसा करावा ही कल्पना फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या तरुणाला सुचली. १८०६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बर्फाने भरलेले गलबत घेऊन तो मार्टिनिक बेटावर गेला. बोस्टनच्या वर्तमानपत्राला बातमी देताना ‘ही थट्टा नाही’ असे मुद्दाम बजावावे लागले. बेटावरच्या लोकांना बर्फ आवडला. पण तो ठेवायला जागाच नव्हती. बर्फ विरघळला आणि त्याबरोबर ट्यूडरचा पैसाही. पुढे कर्जापायी त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. तरी गडी मागे हटला नाही.

हळूहळू एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. बर्फ वितळतो तो हवेने आणि ओलाव्याने. तेव्हा लाद्या एकमेकींना चिकटून, मध्ये फट न ठेवता रचायच्या; भोवती लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यायचा; गोदामाला दुहेरी भिंती करायच्या आणि वितळलेले पाणी लगोलग वाहून जाईल अशी सोय ठेवायची. भुसा आणायचा शेजारच्या मेन राज्यातल्या लाकूड-गिरण्यांतून. तिथे तो कचरा म्हणून नदीत टाकीत. १८२५ साली नॅथॅनियल वायेथ याने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर केला. गोठलेल्या तळ्यावर सोंगट्यांच्या पटासारख्या चौकोनी रेघा पाडायच्या आणि मग पहारींनी लाद्या सुट्या करायच्या. सगळा खर्च एकदम उतरला. आणि जहाजाचे भाडे? बोस्टनहून हिंदुस्थानकडे येणाऱ्या गलबतांना न्यायला माल पुरेसा नसे. ती डोलू नयेत म्हणून त्यांच्या तळाशी दगड भरावे लागत. त्या दगडांच्या जागी बर्फ घातला, तर जे भाडे मिळेल ते जहाजवाल्याला फायद्याचेच! म्हणजे पाहा, पाणी फुकटचे, भुसा फुकटचा आणि जागाही जवळजवळ फुकटची. तीन टाकाऊ गोष्टी एकत्र आणून त्या माणसाने संपत्ती उभी केली.

एकदा किंमत आली म्हणताच भांडणेही आली. केंब्रिज गावच्या फ्रेश पाँड या तळ्यातला बर्फ कुणाचा यावरून तंटा झाला आणि १८४१ साली त्या तळ्याची रीतसर वाटणी करावी लागली. ज्याच्या मालकीचा किनारा जेवढा लांब, त्याला त्या मानाने गोठलेल्या पाण्याचा वाटा. बांधावरून भांडणारे आपले भाऊबंद त्या मोजणीला हजर असते, तर त्यांना घरच्यासारखेच वाटले असते!

१८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावरही बर्फ तोडणारे मजूर येऊन पोहोचले. त्या तळ्याकाठी झोपडी बांधून हेन्री डेव्हिड थोरो राहत होता. तोच थोरो, ज्याच्या कायदेभंगावरील निबंधाचा गांधीजींनी पुढे आदराने उल्लेख केला. १८५४ च्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात त्याने तो प्रसंग लिहिला आहे. आपण इथे भगवद्गीता वाचतो आहोत आणि आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार आहेत, हे मनात येऊन तो हरखून गेला. बर्फाच्या व्यापाऱ्यांना त्यात फक्त नफा दिसत होता. त्या एकट्या माणसाला त्यात गंगेचे पाणी मिसळलेले दिसले.

हा व्यापार १८८० च्या सुमाराला आटोपला. बर्फ बनवणारे कारखाने आपल्याकडेच निघाले आणि बोस्टनच्या लाद्यांची गरज उरली नाही. मुंबईचे आइस हाउस पुढे पाडले गेले. मद्रासचे मात्र अजून उभे आहे. तिथे घडलेला योगायोग सांगण्याजोगा आहे. १८९३ साली स्वामी विवेकानंद अमेरिकेत गेले, तेव्हा सर्वधर्मपरिषदेत जाण्यासाठी त्यांच्यापाशी परिचयपत्र नव्हते. ते त्यांना हार्वर्डच्या प्राध्यापक राइट यांनी दिले, आणि तेही मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावी. १८९७ साली स्वामीजी मद्रासला परतले तेव्हा त्यांचा मुक्काम झाला तो याच जुन्या बर्फघरात! आज त्या इमारतीला त्यांचेच नाव आहे.

दगडांनाही त्या लोकांनी सोडले नाही. बोस्टनजवळच्या क्विन्सी गावी ग्रॅनाइटच्या खाणी निघाल्या. ते चिरे वाहण्यासाठी १८२६ साली घोड्यांनी ओढायची रेल्वे घातली गेली. अमेरिकेतल्या अगदी आरंभीच्या रेल्वेमार्गांत तिची गणना होते. त्याच दगडातून बंकर हिलचा २२१ फूट उंच स्मारकस्तंभ १८४३ साली पुरा झाला.

पण या राज्याच्या संपत्तीत सर्वांत मोठी भर घातली ती पडत्या पाण्याने. बोस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लॉवेल १८१० मध्ये इंग्लंडला गेला आणि लँकेशायरच्या कापडगिरण्या त्याने डोळे भरून पाहिल्या. यंत्रे किंवा त्यांचे नकाशे देशाबाहेर नेण्यास इंग्रजांची सक्त बंदी होती. लॉवेलने ते सारे डोक्यात साठवले. परत आल्यावर एका कुशल कारागिराच्या मदतीने त्याने माग तयार केला आणि १८१४ साली वॉल्थमला एका छपराखाली कापसापासून कापडापर्यंत सारी कामे करणारी गिरणी सुरू झाली. १८१७ साली तो वारला. पुढे त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीवर, जिथे पाणी सुमारे ३२ फूट खाली उतरते तिथे, कालवे खणून गिरण्यांचे गावच वसवले आणि त्याला लॉवेल हे नाव दिले. १८२० नंतर जिथे शेते होती, तिथे १८५० साली ३३,००० वस्ती झाली. तिथल्या कालव्यांचा अभियंता जेम्स फ्रान्सिस याने सुधारलेले पाणचक्र आज ‘फ्रान्सिस टर्बाइन’ म्हणून जगभर चालते. आपल्या भाक्रा धरणाच्या वीजगृहातही तीच जात आहे.

या गिरण्यांत काम करायला आल्या त्या दगडाळ शेतांवरच्या मुली. घरी शेती पिकत नव्हती. भावाच्या शिक्षणाला, बापाच्या कर्जाला पैसा हवा होता. कंपनीच्या वसतिगृहात राहायचे, रविवारी प्रार्थनेला जायचे आणि एरवी पहाटेच्या घंटेपासून दिवसाला बारा-तेरा तास यंत्रापुढे उभे राहायचे, असा त्यांचा क्रम. तरी त्या मुलींनी स्वतःचे मासिक चालवले. १८४२ साली डिकन्स तिथे गेला, तेव्हा ते मासिक पाहून थक्क झाला. मजुरी कापली गेली तेव्हा, १८३४ आणि १८३६ साली, त्या काम टाकून रस्त्यावर आल्या. १८४५ मध्ये सारा बॅग्ली या कामगार स्त्रीच्या पुढाकाराने त्यांनी दहा तासांच्या दिवसासाठी विधानसभेकडे अर्ज केले. तो कायदा स्त्रियांसाठी व्हायला १८७४ साल उजाडावे लागले. अर्ज करणाऱ्या बहुतेक जणींचे तोवर गिरणीतले दिवस संपून गेले होते.

आणि कापूस? तो मॅसॅच्युसेट्समध्ये पिकत नाही. तो येई दक्षिणेकडच्या राज्यांतून, गुलामांनी वेचलेला. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायालयाच्या निकालांनी १७८३ सालीच गुलामगिरी मोडीत निघाली होती. गुलामगिरीविरुद्ध रान उठवणारे गॅरिसनचे ‘लिबरेटर’ पत्र १८३१ पासून बोस्टनमध्येच निघत होते. त्याच बोस्टनच्या पेढ्या गुलामांच्या कापसावर गबर होत होत्या. चार्ल्स समनर या तिथल्याच पुढाऱ्याने १८४८ साली चाबूक धरणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या धन्यांची ही युती बोलून दाखवली, तेव्हा अनेकांना ते झोंबले. जाडेभरडे स्वस्त कापड विणून दक्षिणेत गुलामांच्या अंगावर घालण्यासाठी जाई. त्या कापडालाच तिकडे ‘लॉवेल’ म्हणत. ज्या हातांनी कापूस वेचला, त्यांच्याच पाठीवर तो असा परत येई. खराब कॉडची गोष्ट आठवते ना? माल बदलला होता. वहीचे पान तेच होते.

हे कापड आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही जाई. झांजिबारच्या बाजारात त्याला ‘मेरिकानी’ म्हणत. पुढे तो बाजार आपल्या मुंबईच्या गिरण्यांनी हस्तगत केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली आणि दक्षिणेचा कापूस बंद झाला. लॉवेलच्या बऱ्याच मालकांनी साठ्यातला कापूस चढ्या भावाने विकून गिरण्यांना टाळे लावले. कामगार रस्त्यावर आले. इंग्लंडच्या गिरण्यांनी कापसासाठी मुंबईकडे धाव घेतली आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला तो शेअरबाजाराचा उन्माद आणि १८६५ सालचा तो हाहाकार आपल्या इतिहासात प्रसिद्धच आहे. मेरिमॅक नदीकाठी ज्या युद्धाने मुलींचा रोजगार गेला, त्याच युद्धाने मुंबईत रावाचे रंक केले.

निसर्गाची देणगी कायमची नसते. १९२० नंतर कापडगिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे जाऊ लागल्या आणि लॉवेल ओस पडत गेले. १९७८ साली त्या गिरण्यांचे राष्ट्रीय स्मारक झाले. कॉडचे काय झाले? १९६० नंतर परदेशांची प्रचंड कारखाना-जहाजे त्या समुद्रात उतरली. १९७६ साली कायदा करून अमेरिकेने किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला हक्क सांगितला. परके गेले, पण मग घरच्यांनीच नव्या नौका बांधून तोच हव्यास चालवला. १९९४ च्या डिसेंबरात जॉर्जेस बँकवरच्या मासेमारीचा मोठा भाग बंद करावा लागला. ज्या कॉडची गलबताभोवती एके काळी गर्दी होई, तो पूर्वीसारखा परत आलेला नाही. ग्लॉस्टर गावी सुकाणू धरून उभ्या असलेल्या कोळ्याचा पुतळा आहे. समुद्रात गेलेल्या त्या गावच्या हजारो माणसांसाठी तो १९२५ साली उभारला. आता तो समोरच्या रिकाम्या पाण्याकडे पाहत असल्यासारखा वाटतो.

पाण्याचीही एक हकिकत आहे. बोस्टन वाढले, तहानले. तेव्हा राज्याच्या मध्यभागी स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात जलाशय करायचे ठरले. त्यासाठी डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे उठवली. अडीच हजारांच्या आसपास माणसे निघाली. साडेसात हजारांच्या घरात थडगी उकरून दुसरीकडे नेली. २७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफील्डच्या सभागृहात निरोपाचा नाच झाला. बाराचे ठोके पडले आणि ती चार गावे कायद्याने नाहीशी झाली. वाद्ये थांबली, माणसे रडू लागली. आज बोस्टनमध्ये नळ सोडला की क्वाबिन जलाशयाचे पाणी येते. गोड आहे, म्हणतात.

मग आज हे राज्य जगते कशावर? न्यू बेडफर्डला देवमाशांऐवजी स्कॅलप नावाचे शिंपले उतरतात आणि त्यांच्या जोरावर २००० नंतरची अनेक वर्षे मासळीच्या किमतीत ते बंदर अमेरिकेत पहिले आले. समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांची पहिली वीज २०२४ च्या जानेवारीत किनाऱ्यावर आली. पण सुमारे ७० लाख लोकवस्तीच्या या राज्याचा मुख्य आधार यांतला कोणताच नाही. तो आहे विद्यालये, रुग्णालये, प्रयोगशाळा यांचा. त्याचे बीज फार जुने. वसाहत होऊन सहा वर्षे होतात न होतात तोच, १६३६ साली, हार्वर्ड निघाले. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या प्रत्येक गावाला मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक ठेवणे भाग पडले. १८५२ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा अमेरिकेतला पहिला कायदा इथेच झाला. बायबल वाचता यावे हा मूळ हेतू; पण एकदा अक्षर ओळखीचे झाले, की माणूस काय वाचील यावर कुणाचा ताबा राहत नाही.

ज्या केंब्रिज गावच्या तळ्याची मोजून वाटणी झाली, त्याच केंब्रिजमध्ये १९१० साली धर्मानंद कोसंबी गेले. गोव्यातल्या एका खेड्यातून बौद्ध धर्माच्या शोधात निघालेला हा माणूस नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश हिंडून हार्वर्डला पोहोचला तो ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला हा प्रवास साध्या, निर्मळ मराठीत सांगितला आहे. १९१८ साली ते पुन्हा गेले तेव्हा बरोबर मुलगा होता; तोच पुढे हार्वर्डचा पदवीधर झालेला गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी. केंब्रिजने एके काळी मुंबईला बर्फ पाठवला होता. आता आपल्याकडून पाली विद्या तिकडे गेली. या व्यवहारात विकणाऱ्यापाशी माल कमी झाला नाही आणि घेणाऱ्याकडे तो वितळलाही नाही.

दामोदर कोसंबींनी इतिहासाला एक रोखठोक प्रश्न विचारायला शिकवले: राजा कोण होता हे नंतर सांगा, आधी सांगा, नांगर कुणाच्या हातात होता आणि धान्य कुणाच्या घरात गेले? तोच प्रश्न या छोट्या राज्याला लावून पाहिला तर त्याची खरी कहाणी उलगडते. दगड, बर्फ, मासा आणि पडते पाणी यांतून संपत्ती काढणारी अक्कल खरीच थोर. त्या अकलेला नमस्कार करावा. पण खराब मासा खाणारा गुलाम, घंटेच्या ठोक्याला उठणारी शेतकऱ्याची पोर, रात्री बाराला गाव गमावलेला एनफील्डचा म्हातारा, यांचेही त्या वहीत एक पान आहे, आणि ते वाचल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

दिवाळीत आपल्याकडे वहीपूजन करतात. नव्या वहीवर कुंकू लावून शुभ-लाभ लिहितात. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिण्यात आपल्या पूर्वजांनी मोठे शहाणपण दाखवले आहे. बोस्टनच्या विधानगृहात तो लाकडी मासा आजही टांगलेला आहे. त्याच्याखाली बसून लोकप्रतिनिधी कायदे करतात. मान वर करून ते जेव्हा त्याच्याकडे पाहत असतील, तेव्हा त्यांना त्यात लाभ आठवतो की शुभ, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!